प्रवेशिका क्रमांक सात

दांडिया बाजारात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
आम्ही तिघं परीक्षक. एकच संगीत नाटक, अकरा चित्रणं.
शिरगावकरांनी रकाने आखून आणलेत:
कॅमेरा, ध्वनी, गायन, एकूण परिणाम. प्रत्येकी दहा.
"एकूण परिणाम म्हणजे काय हो?" फणसेबाई विचारतात.
"ते आपोआप कळतं," म्हणत ते चष्मा पुसत बसतात.

पडद्याला इस्त्री नाही,
म्हणून प्रत्येक राजाच्या कपाळावर तीच एक आठी.

पहिल्यात पाच कॅमेरे आणि एक क्रेन,
उत्तरायणातल्या पतंगासारखी नुसती गोते खाते.
राणी तान घेते, तर दिसतात तबलजीच्या अंगठ्या.
समेवर येते, तर पुढच्या रांगेतले प्रायोजक.
चौथ्यात कॅमेरा तिच्या तोंडातच शिरलाय:
पडजीभ, चांदी भरलेली दाढ.
पाचव्यात समोर माणूसच नाही,
रिकाम्या स्टुडिओला मागाहून वन्स मोअर चिकटवलाय.

फणसेबाई म्हणतात, आम्ही बसायचो शेवटून दुसऱ्या रांगेत.
राजाच्या मिशीचा डिंक कधी दिसला नाही,
म्हणून तो राजा होता.

सेव-उसळ येते. धवल मशीन थांबवतो.
आमचे पाव संपेपर्यंत
राणीचं तोंड उघडंच राहतं.

मग सात.
आमच्याच मंडळाचा प्रयोग, एकोणीसशे त्र्याण्णवचा.
लग्नांचं शूटिंग करणारा कुणी पटेल, त्याचा एकुलता एक कॅमेरा.
हिरवा शालू उडून राखेचा झालेला,
कोपऱ्यात सबंध अंकभर कुणाचं तरी टक्कल.
मी आधीच सांगितलं होतं, यात मी होते.
"तुम्ही कुठं दिसताय?" शिरगावकर म्हणाले. "विंगेत होतात."
खरंच. विंगेत. मांडीवर वही, टॉर्चला लाल जिलेटिन.

तिसरा अंक. राजा पत्र वाचतो, घडी घालतो,
आणि टिपणीस थांबतात.
मला तेव्हा दिसली होती फक्त पाठ
आणि अंगरख्याचा सुटत आलेला बंद.
मी मोजलं. एक, दोन, तीन, चार.
पाचव्याला वाक्य दिलं:
"आता वाट कुणाची पाहायची?"

पण पाठवणीच्या वेळी मुलीच्या बापावर
झूम करायची पटेलच्या हाताला सवय.
तसाच तो टिपणीसांच्या चेहऱ्यावर जातो.
ते विसरलेले नाहीत.
वाक्य त्यांनी जिभेखाली धरून ठेवलंय
खडीसाखरेच्या खड्यासारखं, विरघळू देत,
आणि सगळं गांधीनगरगृह श्वास न घेता बसलंय,
टक्कलसुद्धा किंचित पुढं झुकलेलं.
तेवढ्यात ती कुजबूज.
केवढी मोठी! मला वाटायचं, मी हळू बोलते.
त्यांची एक पापणी हलते. बाकी काही नाही.
मग ते वाक्य म्हणतात, नीट, माझ्यामागून.

पुढं वीस-बावीस वर्षं खंडेराव मार्केटात भेटायचे,
तोंडल्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत,
"काय बाई, पुढचं वाक्य?"
मी हसायचे. घरी येऊन सांगायचे,
माणूस उपकार विसरत नाही.

"विंगेतला आवाज येतो," शिरगावकर पेन उघडतात.
"ध्वनीचे दोन कापू."
"तीन," मी म्हणते.
फणसेबाई माझ्याकडे बघतात, मग उसळीच्या वाटीत.
कॅमेऱ्याला मी नऊ देते. टक्कल आहे म्हणून, नाहीतर दहा.
शेवटचा रकाना तसाच राहतो.

"बेन, आगळ जवा दऊं?" धवल विचारतो.
"ना. थोडुं पाछळ."
तो मागं नेतो. पत्र. घडी.
एक, दोन, तीन, चार.
या खेपेला तरी, म्हणून मी पदर दातात धरते.
पाचव्याला ती बोलतेच.